ख्रिस्त मान्य, ख्रिस्ती धर्म नाही : एका रकान्याचं प्रकरण

शाळेच्या दाखल्यावर मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख यांच्याच आसपास एक रकाना असतो : धर्म व जात. तो भरताना कुणी फारसा विचार करत नाही. बापाच्या दाखल्यावर जे असतं ते मुलाच्या दाखल्यावर उतरतं आणि पुढे पडताळणी, नोकरी, लग्न, वारसा असं करत तोच शब्द माणसाच्या मागे फिरत राहतो. या रकान्यासमोर ‘कोणताही नाही’ असं आमच्यापुरतं अधिकृतपणे छापून द्या, असं म्हणत तीन माणसं मुंबई उच्च न्यायालयात गेली, त्याचं हे प्रकरण. २०१० सालची जनहित याचिका, क्रमांक १३९. निकाल २३ सप्टेंबर २०१४ चा, न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्या खंडपीठाचा.

या निकालाचा उल्लेख बहुतेक वेळा नास्तिकांचा विजय म्हणून होतो. विवेकवादी मित्रमंडळी तो मोठ्या प्रेमाने सांगतात. पण याचिका नीट पाहिली की पहिला धक्का तिथेच बसतो. अर्जदार नास्तिक नव्हते. ते येशू ख्रिस्ताला मानणारे होते, आणि तेही मोघम ‘कुठलीतरी शक्ती आहे’ अशा थाटात नव्हे. ‘फुल गॉस्पेल चर्च ऑफ गॉड’ नावाच्या मंडळीचे आपण पदाधिकारी आहोत आणि मंडळीत चार हजारांहून जास्त लोक आहेत, असं त्यांनी न्यायालयाला सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच : आम्ही प्रभू येशूला मानतो, ख्रिस्ती धर्माला मानत नाही. कुठल्याच धर्माला मानत नाही. येशूला धर्म काढायचाच नव्हता, त्याला स्वर्गाचं राज्य आणायचं होतं, आणि धर्म स्थापन करा असं बायबलात कुठेही म्हटलेलं नाही.

मुद्रणालयाची खिडकी

महाराष्ट्रात नाव, जन्मतारीख किंवा धर्म बदलला की त्याची जाहिरात शासनाच्या राजपत्रात द्यावी लागते. लोकांच्या तोंडी याला ‘गॅझेट करून घेणं’ म्हणतात. काम शासकीय मुद्रणालयाचं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायका, दाखल्यावर नावाची वेलांटी चुकलेले विद्यार्थी, अंकशास्त्राच्या नादाने स्पेलिंग बदलणारे हौशी, सगळे याच वाटेने जातात. धर्मबदलाच्या अर्जाचा साचा साधा आहे : आधीचा धर्म अमुक, आताचा धर्म तमुक.

या अर्जदारांनी ‘आम्ही ख्रिस्ती नाही, आमचा कोणताही धर्म नाही’ असं छापून मागितलं. मुद्रणालयाने अर्ज फेटाळला.

मला त्या खिडकीमागच्या माणसाबद्दल थोडी सहानुभूती वाटते. त्याच्यापुढचा कागद म्हणजे गावाहून गावाला जाणाऱ्या एस.टी.चं तिकीट. कुठून आणि कुठे, दोन्ही सांगितल्याशिवाय कंडक्टर तिकीट फाडत नाही. ‘मला फक्त उतरायचंय’ असं म्हणणाऱ्यासाठी त्याच्या पेटीत तिकीटच नाही.

त्यात आपल्या भाषेचीही अडचण आहे. मराठीत ‘मला धर्म नाही’ हे वाक्य कानाला बोचतं. शेजारधर्म, राजधर्म, दानधर्म, धर्मशाळा, धर्मादाय : आपल्याकडे हा शब्द कर्तव्य, दानत, माणुसकी इतक्या ठिकाणी पसरलाय की धर्म नाही म्हणणारा माणूस काहीतरी वाईट कबूल करतोय असं वाटावं. पंढरीच्या वाटेवर चालणारा वारकरी गळ्यात माळ घालतो, तेव्हा तो धर्म बदलत नाही आणि सोडतही नाही. त्याला राजपत्र लागत नाही. अर्जदार ज्याबद्दल बोलत होते तो धर्म वेगळा. खानेसुमारीतला, रकान्यातला, यादीत नाव असलेला धर्म.

टिळकांची पायवाट

ख्रिस्त हवा पण ख्रिस्ती धर्म नको, हे आजकालच्या कुणाच्या डोक्यातून निघालेलं खूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी शंभर वर्षं मागे साताऱ्याला जावं.

रेव्हरंड नारायण वामन टिळक मूळचे कोकणातले, चित्पावन ब्राह्मण. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर फुटलं, लक्ष्मीबाईंची फरपट झाली. पुढे या त्यांच्या पत्नीही ख्रिस्ती झाल्या, आणि ते सगळं त्यांनी नंतर ज्या भाषेत लिहून ठेवलं ती मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत. कीर्तन करत, अभंग रचत, भजनं बांधत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत.

इथवरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पुढची कमी सांगितली जाते. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. या दरबाराची कल्पना अशी की ख्रिस्ताच्या शिष्यांचं एक कुटुंब असावं आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही असावेत. न घेतलेले! ज्या विधीसाठी टिळकांनी स्वतः जात, घर, नातीगोती सगळं पणाला लावलं होतं, तो विधी आता दारावरचा पहारेकरी राहू नये, असं त्यांना वाटू लागलं होतं. परदेशी मिशनच्या पगारावर, परदेशी चर्चच्या घडीत ख्रिस्त आपल्या लोकांना भेटणार नाही, हे त्यांना बावीस वर्षांच्या अनुभवाने शिकवलं होतं. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार मोठा होण्याआधीच थांबला.

टिळकांना राजपत्रात काही छापून घ्यायचं नव्हतं. त्यांचं भांडण मिशनशी आणि मनाशी होतं. २०१० च्या अर्जदारांचं भांडण सरकारी कागदाशी आहे. तरी दोघांच्या तळाशी एकच अनुभव आहे : गुरू सापडला, आणि त्याच्याभोवतीचं कुंपण मात्र आपलं वाटत नाही.

शास्त्राच्या बाजूनेही अर्जदारांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. येशू यहुदी म्हणून जन्मला आणि यहुदी म्हणूनच मेला. त्याच्या शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा अंत्युखिया शहरात मिळालं, असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलेलं आहे, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर. अर्थात कुठलाही पाद्री यावर उत्तर देईल की नाव नंतर आलं म्हणून वस्तू नंतर आली असं होत नाही. तो वाद न्यायालयाने सोडवला नाही, आणि सोडवायला घेतला नाही हेच बरं केलं. येशूच्या मनात काय होतं हे मुंबईच्या उच्च न्यायालयाने ठरवावं, अशी वेळ कुणावरही येऊ नये.

सरकार काय म्हणालं

केंद्र आणि राज्य, दोघांनीही याचिकेला विरोध केला. त्यांचा मुख्य मुद्दा असा की ‘कोणताही धर्म नाही’ हा काही धर्म नव्हे, धर्माचा प्रकारही नव्हे. त्यामुळे धर्मस्वातंत्र्याच्या हक्कात तो बसत नाही.

हा युक्तिवाद ऐकायला चोख वाटतो. टक्कल हा केसांचा रंग नाही, हे खरंच आहे. पण संविधानाच्या २५ व्या कलमाची सुरुवात धर्मापासून होत नाही. मराठी प्रतीत तिथे आधी ‘सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य’ येतं, मग धर्म मुक्तपणे प्रकट करणं, आचरणं, त्याचा प्रसार करणं. आपण पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर जी उद्देशिका वाचून मोठे झालो तिच्यातही स्वातंत्र्य मोजलेलं आहे ते विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचं. विश्वास वेगळा, श्रद्धा वेगळी, उपासना वेगळी, तिघींना स्वतंत्र शब्द. त्या ओळीत ‘धर्म’ हा शब्द नाही. शाळेत रोज म्हणूनही हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. या प्रकरणामुळे आलं.

न्यायालयाने याच धाग्याला धरलं. भारत धर्मनिरपेक्ष आहे, राज्याला स्वतःचा धर्म नाही. नागरिकाला धर्म असलाच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात एखादा धर्म पाळण्याचा हक्क आहे, तसाच कोणताच न पाळण्याचाही आहे. जो आज एक धर्म पाळतो तो उद्या तो सोडून ‘माझा कोणताही धर्म नाही’ असं म्हणू शकतो. आणि शेवटी आदेश : कोणत्याही अर्जात किंवा प्रतिज्ञापत्रात आपला धर्म जाहीर करायला किंवा नमूद करायला राज्य वा केंद्र सरकार कुणालाही भाग पाडणार नाही.

अर्जदारांनी मागितलेल्या गोष्टीपेक्षा हे मोठं आहे. त्यांना हवं होतं स्वतःच्या नावापुढे एक छापील वाक्य. न्यायालयाने सगळ्यांनाच गप्प राहण्याची मोकळीक दिली.

धर्म नाकारण्याची सक्तीही होती

‘कोणताही धर्म नाही’ ही नोंद कायद्याला अनोळखी आहे, असं सरकारचं म्हणणं ऐकताना मला १८७२ चा विशेष विवाह कायदा आठवत होता. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यासाठी जोर लावला होता. मूर्ती, भटजी, जातीचा विटाळ यांच्याशिवाय झालेली आपली लग्नं कायद्याने ग्राह्य धरावीत, अशी त्यांची मागणी होती. कायदा झाला, पण एका विचित्र अटीवर. लग्न लावणाऱ्या दोघांनीही लिहून द्यायचं की मी ख्रिस्ती, यहुदी, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन धर्म पाळत नाही.

म्हणजे इंग्रज सरकारच्या दफ्तरात ‘यांपैकी कोणताही नाही’ ही नोंद दीडशे वर्षांपूर्वी होत होती. फक्त तेव्हा ती माणसाची इच्छा नव्हती, सरकारची अट होती. जातीबाहेर लग्न करायचं, तर देवघर मनात कितीही घट्ट असलं तरी धर्म नाकारल्याची सही करा. कितीतरी भाविक माणसांनी केवळ आवडत्या माणसाशी लग्न करता यावं म्हणून ही सही केली असेल. १९२३ मध्ये कायदेपंडित हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांपुरती ही अट गेली, आणि १९५४ च्या नव्या कायद्याने ती सगळ्यांसाठीच संपली. नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्या आजच्या जोडप्यांना तीस दिवसांच्या नोटिशीचा ताप आहे, पण धर्म नाकारण्याचा नाही.

एका काळी हा रकाना रिकामा करायला भाग पाडत, दुसऱ्या काळी भरायला भाग पाडत. सक्ती कायम, फक्त तिचं तोंड फिरलेलं.

चार हजारांची मंडळी

आता मला या प्रकरणात खटकणारी गोष्ट. अर्जदार एका संस्थेचे पदाधिकारी होते. संस्थेला नाव आहे, सभासद आहेत, नावातच ‘चर्च’ हा शब्द आहे. पद आहे म्हणजे निवड आहे, सभा आहे, कुणीतरी वर्गणी गोळा करत असणार, कुणीतरी ‘हे शिकवणीत बसत नाही’ असंही कुणाला सांगत असणार. संघटित धर्म नको असं संघटितपणे सांगणं, यात विसंगती आहे की नाही?

मी हे प्रकरण ज्यांच्यापुढे मांडलं त्यांच्यापैकी निम्म्यांनी इथे हसून विषय संपवला. मला तो इतक्यात संपवावासा वाटत नाही. एकट्याने चालणारा साधक ही कल्पना पुस्तकात सुंदर दिसते. प्रत्यक्षात भजनाला टाळ धरणारा दुसरा माणूस लागतो. तत्त्वचिंतक जिद्दू कृष्णमूर्तींनी १९२९ साली नेदरलँड्समधल्या ओमेनच्या मेळाव्यात स्वतःच्याच भोवती उभी राहिलेली संघटना बरखास्त केली, आणि तरी त्यांचं बोलणं पुढच्या पिढीपर्यंत पोचलं ते शाळा आणि विश्वस्त संस्थांमधून. टिळकांनाही मिशन सोडल्यावर दरबार लागलाच. सोबत लागते हे मान्य करूनही सोबतीला सरकारी जात-धर्माचा शिक्का नको, असं म्हणता येतं. अर्जदारांचा फरक तिथे होता, असं मला वाटतं. त्यांना मंडळी हवी होती. मंडळीवर लागणारं ‘अल्पसंख्याक : ख्रिस्ती’ हे लेबल नको होतं.

पण मग राजपत्र कशाला? मनात ठरवून शांत बसता आलं असतं. याचं उत्तर आपल्या समाजात वाढलेल्या कुणालाही कळेल. आपल्याकडे माणूस मनाने बदलला तरी दाखल्याने बदलत नाही, आणि लोक विश्वास ठेवतात तो दाखल्यावर.

निकालाने न सुटलेलं

रकान्यात काही न लिहिण्याचा हक्क मिळाला. त्या रकान्यावर जे कायदे उभे आहेत ते मात्र होते तिथेच आहेत.

वारसाचंच घ्या. मृत्युपत्र न करता गेलेल्या ख्रिस्ती माणसाची मालमत्ता १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाने वाटली जाते. समजा मागे बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई आहे. बायकोला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश दोन मुलांत. आईला काही नाही. तोच माणूस १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाखाली येत असेल, आणि मालमत्ता त्याची स्वतःची असेल, तर बायको, दोन मुलं आणि आई, चौघांना सारखा चौथा हिस्सा.

आता ज्याने धर्म नाही असं जाहीर केलंय त्याचं काय? १९५६ च्या कायद्याचं दुसरं कलम मजेशीर आहे. तो हिंदूंना लागू आहे, त्यात वीरशैव, लिंगायत, ब्राह्मो, प्रार्थना आणि आर्य समाजी आले; बौद्ध, जैन, शीख यांना लागू आहे; आणि जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा यहुदी नाही अशा इतर कोणालाही लागू आहे, त्या माणसाला हिंदू कायदा किंवा रूढी लागू झालीच नसती असं सिद्ध होत नाही तोवर. म्हणजे ख्रिस्ती नाही आणि काहीच नाही असं म्हणणारा माणूस कायद्याच्या उरलेल्या खणात पडतो, आणि त्या खणावर पाटी आहे ‘हिंदू’. ‘धर्म नाही’ असं ठणकावून सांगणाऱ्याच्या आईचा चौथा हिस्सा अखेर त्या सिद्धतेच्या वादावर अडकू शकतो. शहाण्याने मृत्युपत्र करावं, हा वकिली सल्ला इथे खरंच उपयोगाचा आहे. मुस्लिम घरात जन्मलेल्यांना तोही पुरत नाही. मुसलमानी कायद्यात एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देण्यावर बंधन आहे. श्रद्धा न उरलेल्या माणसाला त्यातून सोडवून उत्तराधिकार अधिनियम लागू करावा, अशी केरळमधल्या एका महिलेची याचिका २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली.

दुसरा पेच आरक्षणाचा. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशानुसार हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांच्याहून वेगळा धर्म पाळणाऱ्याला अनुसूचित जातीचा मानत नाहीत. कोणताच धर्म न पाळणं म्हणजे ‘वेगळा धर्म पाळणं’ आहे का? व्याकरणाने नाही. पण पडताळणी समितीपुढे व्याकरण घेऊन उभं राहायची हिंमत कितीजण करतील? दाखल्यातला रकाना रिकामा ठेवण्याची चैन ज्याला परवडते तो बहुधा आधीच सुस्थितीत असतो. २०१९ मध्ये तमिळनाडूतल्या तिरुपत्तूरच्या एका वकील महिलेला ‘जात नाही, धर्म नाही’ असं प्रमाणपत्र तहसीलदाराने दिलं, तेव्हा देशभर कौतुक झालं. कौतुक रास्तच होतं, पण त्यासाठी तिला कित्येक वर्षं खेटे घालावे लागले होते.

२०११ च्या जनगणनेत सुमारे २८ लाख ६७ हजार लोकांनी धर्म सांगितला नाही, लोकसंख्येच्या ०.२४ टक्के. २००१ मध्ये हा आकडा सव्वासात लाखांच्या आसपास होता. यातले किती नास्तिक, किती बेफिकीर, किती टिळकांसारखे गुरू धरून कुंपण सोडलेले, हे त्या आकड्यातून निघत नाही. न सांगणं या एकाच पोत्यात सगळे.

आणि जन्म-मृत्यूची नोंद. जन्माच्या आणि मृत्यूच्या अहवालाला एक सांख्यिकी भाग असतो, जो प्रमाणपत्रावर छापला जात नाही. त्यातही धर्माचा रकाना आहे. जन्माच्या वेळी तो आईबाप भरतात. मृत्यूच्या वेळी घरातलं कुणीतरी, आणि माणूस दवाखान्यात गेला असेल तर तिथला कारकून, नाव आणि आडनावाकडे एकदा बघून.